कन्हानच्या उन्हाला पुरून उरलेली चिप

धोटे मॅडम कुणाच्या घरी गेल्या की आधी तिथल्या रेडिओला हात लावत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तशी. रेडिओ झाला की फ्रिजची पाठ, मग कोपऱ्यातला स्टॅबिलायझर. यजमानीण चहाचा ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत मॅडम कोचामागे वाकलेल्या असत आणि तिथूनच त्यांचा आवाज येई, "हा तुझा स्टॅबिलायझर तापून राहिला वं. काम थोडं करते आन् खाते जास्त."

आमच्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, वीज मंडळातून कुणीतरी तपासणीला आलं आहे. तिने घाईघाईने पंखा बंद केला. मॅडम खूश झाल्या. "समजदार आहे तुझी बायको," त्या मला म्हणाल्या, आणि भर एप्रिलात आम्ही तिघं बिनपंख्याचे बसून चहा प्यालो.

सत्तरचं दशक संपता संपता मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलो. प्रभा धोटे तिथे माझ्या बऱ्याच आधीपासून इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात कायम एक पेन्सिल. ती पेन्सिल त्या दिवसभर शोधत असत. काटोलच्या संत्रेवाल्या घरातली ही मुलगी मुंबईला जाऊन एम.टेक. झाली, तिथली चांगली नोकरी सोडून नागपूरला सासरी आली, एवढंच त्यांच्याविषयी सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्गात नीटस इंग्रजी बोलत. पण सर्किटने दगा दिला की इंग्रजी गळून पडे आणि काटोल वर येई. "हे काहून असं करून राहिलं गा?" हा प्रश्न फळ्याकडे तोंड करून विचारला गेला की शेवटच्या बाकावरची मुलंही सावरून बसत. आता काहीतरी खरं शिकायला मिळणार, हे त्यांना कळलेलं असे.

त्यांचं वेड एकच होतं, कमीत कमी विजेवर चालणारी सर्किटं. इतर प्राध्यापक सर्किट किती वेगाने चालतं ते सांगत. मॅडम ते स्वस्थ बसलेलं असताना किती पितं ते विचारत. "काम करताना खाल्लं तं खाऊ दे," त्या म्हणत. "बसल्या बसल्या पिते, त्याले मी घरात ठेवत नाही."

तेव्हा कमी विजेची सर्किटं करायची सीमॉस नावाची पद्धत आपल्याकडे नवी होती. पुस्तकात ती वाचून मुलांच्याच काय, आम्हा नव्या शिक्षकांच्याही डोक्यात काही शिरत नसे. मॅडमनी एकदा वर्गात रबरी नळी आणि दोन तोट्या आणल्या. एक तोटी वर, एक खाली. "वरची उघडी तं खालची बंद, खालची उघडी तं वरची बंद. मग पाणी वरून खालपर्यंत कधी वाहील?" मुलं म्हणाली, कधीच नाही. "बस. हेच सीमॉस. तोट्या फिरवताना चार थेंब सांडतील तेवढेच." मग त्यांनी दोन्ही तोट्या अर्धवट उघड्या ठेवल्या आणि पाणी सरळ वाहून पहिल्या बाकावरच्या वह्यांवर पडलं. "आन् हे केव्हा होते? तुम्ही एखादं इनपुट कोणालेच न जोडता मोकळं सोडता, तेव्हा. त्याले समजतच नाही आपण हो आहो का नाही. मग ते अर्धं हो आन् अर्धं नाही होऊन बसते, आन् दोन्ही तोट्या गळतात."

त्या वर्गात रेखा मानकर नावाची एक मुलगी होती. प्रॅक्टिकलला तिच्या सर्किटने हिशेबापेक्षा कितीतरी पट करंट खाल्ला. दोन तास ती तारा तपासत बसली. शेवटी मॅडम आल्या, त्यांनी मीटरकडे पाहिलं आणि टेबलाजवळ नुसता हात नेला. मीटरचा काटा हलला. हात मागे घेतला, काटा परत हलला. "पाहा," मॅडम म्हणाल्या, "मी जवळ आली तरी घाबरते हे. कोणतं तरी इनपुट मोकळं सोडलं तू." सापडलं. रेखाचे डोळे भरून आले होते. मॅडमनी तिच्या वहीवर मार्क दिले ते पूर्ण. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "आता ती जन्मात मोकळं सोडणार नाही. ज्यायचं पहिल्यांदा बरोबर आलं त्यायची मले गॅरंटी नाही."

खाप्याचं प्रकरण यानंतरच्या वर्षीचं.

खापा नागपूरपासून फार लांब नाही. कन्हानच्या काठावरचं गाव. तिथे नदीच्या पात्रात पाण्याची उंची मोजायचा एक लोखंडी खांब होता आणि तो वाचायला नामदेव नावाचा एक माणूस नेमलेला होता. पूर आला की तासातासाला काठावर उतरायचं, खांबावरचा आकडा पाहायचा, वर येऊन फोन करायचा. त्यावर खालच्या वस्त्या हलवायच्या की नाही ते ठरे. त्या पावसाळ्यात आकडा पाहायला गेलेला नामदेव दरडीसकट घसरला. एका बाभळीने अडवलं म्हणून वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. पाटबंधाऱ्याच्या कामावरचे इंजिनिअर ठाकूर साहेब आमच्या कॉलेजात आले ते यासाठी. माणसाऐवजी यंत्राने आकडा वाचून बिनतारी संदेशाने गावात पाठवावा, असं काही करता येईल का?

यंत्र करणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याला चार-पाच महिने जिवंत ठेवणं. पावसाळ्यात खांबापर्यंत जायला वाट राहत नाही, म्हणजे मे महिन्यात डबा बसवला की दसऱ्यापर्यंत बॅटरी बदलायला कुणी जाणार नाही. ठाकूर साहेबांनी ट्रकची बॅटरी लावून पाहिली. ती चोरीला गेली. दुसरी लावली, तीही गेली. बाजारात मिळणाऱ्या तयार चिपा जोडून आम्ही कमी वीज खाणारं एक यंत्र केलं, तर काठावरच्या ओलाव्यात त्या चिपांमधल्या जोडण्यांतूनच करंट पाझरायला लागला.

मॅडम मला घेऊन खाप्याला गेल्या, नामदेवला भेटल्या. तो खाटेवर होता, पायाला वजन टांगलेलं. नागपूरला बसमधून उतरल्यावर मला म्हणाल्या, "गोडे, टॉर्चचे सेल कोणी चोरत नाही. आपण टॉर्चच्या सेलावर चालवू. सगळं सर्किट एकाच चिपवर घेऊ. आपली चिप. आपण काढू."

विभागप्रमुखांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "मॅडम, नागपुरात संत्राबर्फीचा कारखाना निघू शकतो. चिप नाही निघायची."

"कारखाना कोण मागून राहिलं सर? मी कागद मागून राहिली."

चिप घडवणारा एक सरकारी कारखाना उत्तरेकडे नुकताच उभा राहिला होता. कॉलेजांनी नकाशे पाठवले तर निवडक नकाशांच्या चिपा ते घडवून देत. मॅडमनी अर्ज केला, दिल्लीला दोन चकरा मारल्या, थोडं अनुदान आणि दोन खेपांची परवानगी घेऊन आल्या. दोन खेपा म्हणजे दोनदा चिप घडवून मिळेल. दोनदा चुकलं तर विषय संपला.

नखाएवढ्या चिपचा नकाशा आम्ही आधी खोलीएवढा काढला; कारखान्यात फोटो काढून तो नखाएवढा लहान करत. आज हे काम संगणकावर होतं. तेव्हा पारदर्शक फिल्म जमिनीवर अंथरायची, अनवाणी तिच्यावर पालथं पडायचं आणि रंगीत पेन्सिलींनी एकेक ट्रान्झिस्टर काढायचा. मग लाल पदराची दुसरी फिल्म घेऊन धारदार पात्याने तो आकार कापायचा आणि नको तेवढा लाल पदर चिमट्याने सोलायचा. नागपूरचा मे महिना. खोलीत कूलर होता, पण त्याच्या दमट हवेने लाल फिल्मच्या कडा उचलल्या जाऊ लागल्या, म्हणून मॅडमनी कूलर बंद केला. घामाचा थेंब फिल्मवर पडू नये म्हणून आम्ही सगळे डोक्याला पंचे बांधून बसत असू. रेखा तोवर शेवटच्या वर्षाला आली होती. तिने आणि मॅडमनी मिळून कापायचं काम केलं. मॅडमच्या पोटाखाली उशी असे आणि ओठांत ती पेन्सिल. बघणाऱ्याला वाटावं, पापडच लाटून राहिले आहेत सगळे.

पहिल्या खेपेच्या चिपा डिसेंबरात आल्या, एका लहानशा खोक्यात, कापसावर. चालू केल्या आणि चालल्या. पहिल्याच फटक्यात. करंट अगदी हिशेबातला. विभागप्रमुखांनी स्वतः पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "मे येऊ द्या," म्हणाल्या.

मे आला. डबा खाप्याच्या खांबावर चढला आणि दुसऱ्या आठवड्यात गप्प झाला. आम्ही जाऊन उघडला. सेल पार रिकामे. नवे घातले, तेही गेले. ठाकूर साहेब फार सज्जन होते; नामदेव कुबडी टेकत आला होता, त्याला ते फक्त म्हणाले, "यंदा पुन्हा तुलाच पाहावं लागेल बाबा." त्याने मान हलवली. मॅडम तिकडे न पाहता डब्याच्या झाकणाला हात लावून उभ्या होत्या. हात भाजून त्यांनी झटकला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी त्यांच्या घरी गेलो तर त्या गच्चीवर. गच्चीवर धोतराच्या फडक्यांवर कुरडया वाळत घातलेल्या, शेजारी त्यांच्या सासूबाई डोक्यावर ओला पदर घेऊन कावळे हाकायला बसलेल्या, आणि कुरडयांच्या रांगेत पत्र्याच्या डब्यात आमची चिप. तिच्या तारा जिन्याच्या सावलीत मीटरपर्यंत आणलेल्या. मॅडम जिन्यात बसून दर थोड्या वेळाने डब्यातलं तापमान आणि मीटरवरचा करंट पाहत होत्या.

"सकाळी होता तेवढा करंट नाही राहिला गा," त्या म्हणाल्या. "दहा-दहा अंश चढले का दुप्पट. पुन्हा दहा, पुन्हा दुप्पट. डब्यात आता हात घातला तं शिजेल. या चिपेतला कोणताच ट्रान्झिस्टर काम करून नाही राहिला, सगळे झोपले आहेत. आन् झोपल्या झोपल्या सगळे पाझरून राहिले."

सासूबाई तिकडून ओरडल्या, "प्रभा, तुयं ते वाळलं का नाही वं? मले अजून दोन घाणे टाकाचे आहेत."

"नाही आई. हे वाळाले ठेवलं नाही, हे गळून राहिलं."

"मग फडकं बदल न त्याच्या खालचं," सासूबाई म्हणाल्या, आणि मॅडम हसत सुटल्या. खूप दिवसांनी मी त्यांना तशा हसताना पाहत होतो.

आम्ही उत्तरेला गेलो, कारखान्यात. थंडगार इमारत, बूट बाहेर काढून आत जायचं. तिथले डिझाइनचे प्रमुख परदेशात शिकून आलेले, बोलायला मृदू. त्यांनी मॅडमचा आलेख पाहिला आणि म्हणाले, "पण आमचे सगळे आकडे पंचवीस अंशांचे आहेत. चिप पंचवीस अंशांवर उत्तम चालते. तुम्ही डबा सावलीत ठेवा."

"सर, तिथे नदीच्या मधोमध एक खांब आहे," मॅडम म्हणाल्या. "सावली त्याची एकट्याचीच पडते."

"मग मोठी बॅटरी घ्या."

"दोन चोरीला गेल्या."

ते जरा हसले. "मॅडम, उष्णता वाढली की गळती वाढणार. हा निसर्गाचा नियम आहे. तुमच्या गावचं हवामान आम्ही बदलू शकत नाही."

"हवामान राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "मला फक्त माझी दुसरी खेप हवी आहे."

बाहेर आल्यावर मी धुमसत होतो. मॅडम मात्र चपला घालता घालता म्हणाल्या, "माणूस खोटं बोलला नाही गा. गळती राहणारच. पण जे गळते ते घरात कायले भरून ठेवायचं?"

पुढचं सगळं वर्ष त्या एका वाक्यात गेलं. तासातून एकदा आकडा वाचायचा आणि पाठवायचा, एवढंच चिपचं काम, क्षणभराचं. मग उरलेला तासभर तिच्या त्या भागांना वीज पोचवायचीच कशाला? त्यांचा रस्ताच तोडायचा. चिपच्या आत एक फाटक बसवायचं, तास भरला की उघडायचं आणि काम झालं की लावून घ्यायचं. बोलायला सोपं. पण वीज तोडली की तो भाग सगळं विसरतो. तास मोजणारा जागा हवा, मागचा आकडा लक्षात ठेवणारा जागा हवा. "घरातले सगळे झोपले तरी दाराशी एकानं तं जागं राहावं लागते," मॅडम म्हणत, आणि त्या एकाला किती लहान करता येईल यावर आठवडेच्या आठवडे घालवत. मी एखाद्या भागाबद्दल म्हटलं, की हाही जागा ठेवू, तर भांडण होई. "काहून? काय करते तो जागून?" मला प्रत्येक ट्रान्झिस्टरसाठी वकिली करावी लागे. बहुतेक खटले मी हरलो.

त्यांनी सेल तीनाऐवजी दोन केले. त्याने चिप मंदावली. मी म्हटलं, हळू चालेल मॅडम. "चालू दे. कन्हानले कुठं घाई आहे?" प्रत्येक ट्रान्झिस्टर त्यांनी पुन्हा काढला, आणखी बारीक, कारण जेवढी जागा कमी तेवढी गळती कमी. पहिल्या खेपेचे सगळे नकाशे गुंडाळून कपाटावर गेले. पुन्हा मे, पुन्हा बंद कूलर, पुन्हा पंचे.

आणि नकाशा पाठवायच्या आदल्या आठवड्यात रेखा मानकर, जी आता आमच्याकडेच एम.टेक. करत होती, जमिनीवर पालथी पडल्या पडल्या थबकली. "मॅडम," ती म्हणाली, "झोपलेल्या भागाच्या तारा जाग्या भागाला येऊन मिळतात ना? फाटक लागल्यावर त्या तारांवर काय असेल? हो, की नाही?"

मॅडम चष्मा काढून तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. फाटक लागलं की त्या तारा कुणाच्याच नव्हत्या. म्हणजे जाग्या भागाची इनपुटं मोकळी. म्हणजे दोन्ही तोट्या अर्धवट उघड्या, आणि वाचवलेलं सगळं पाणी तिथूनच वाहून जाणार. दुसरी खेप पहिलीपेक्षाही लवकर मेली असती.

मॅडमनी रेखाची पाठ थोपटली ती इतक्या जोरात की पोरीच्या हातातलं पातं पडलं. "वाचवलं वं पोरी तू! बापरे, वाचवलं!" मग माझ्याकडे वळून, जणू मीच शंका घेतली होती, "सांगितलं होतं ना तुले? ही कधी मोकळं सोडणार नाही म्हणून!" प्रत्येक तारेवर, झोपण्याआधी तिला ठाम 'नाही'ला बांधून ठेवणारी एकेक जोडणी घालण्यात तो सगळा आठवडा गेला. मॅडम जेवायलाही घरी गेल्या नाहीत, सासूबाई डबा घेऊन कॉलेजात येत आणि नकाशाच्या कडेला बसून, "हे लुगडं कोणासाठी करून राहिले गा तुम्ही?" असं मला विचारत.

दुसऱ्या खेपेच्या चिपा आल्या त्या मार्चमध्ये. या वेळी पेढे कुणी आणले नाहीत. मॅडमनी चिप सरळ गच्चीवर नेली आणि मे संपेपर्यंत तिथेच ठेवली. शेहेचाळीस अंशांच्या दुपारी, पत्र्याच्या बंद डब्यात. मीटरचा काटा जागचा फारसा हलला नाही. मॅडमनी मीटर बिघडला असेल म्हणून दुसरा आणला, तिसरा आणला. मग एका दुपारी त्या जिन्यात बसून परातीतल्या, कुरडयांच्या ओल्या चिकाचे गोळे खात राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "झालं वाटते तिचं."

डबा खाप्याच्या खांबावर चढला. जून गेला, जुलै गेला. गावातल्या कार्यालयात ठेवलेल्या रिसीव्हरवर तासातासाला आकडा उमटत राहिला. नामदेव आता लंगडत का होईना चालत होता आणि रिसीव्हरसमोर बसून आकडे लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

ऑगस्टमध्ये वरच्या डोंगरात पावसाने तीन दिवस झोड उठवली. ठाकूर साहेबांच्या जीपमधून आम्ही सकाळीच खाप्याला पोचलो आणि मागचा रस्ता बंद झाला. कार्यालयाच्या व्हरांड्यातून नदी दिसत होती. तिला नदी म्हणावं असं काही राहिलं नव्हतं, नुसतं तांबडं पाणी. नामदेव घसरला होता ती दरड जागेवर नव्हती. खांबाचं टोक आणि त्यावरचा डबा तेवढा वर होता, आणि त्याच्यावर ओंडके येऊन आदळत होते.

"आता बंद पडलं तरी मी काही म्हणणार नाही मॅडम," ठाकूर साहेब म्हणाले. "इतके दिवस चाललं हेच पुष्कळ झालं."

मॅडमनी व्हरांड्यातला बाक झटकला, पिशवी उशाला घेतली आणि आडव्या झाल्या.

"मॅडम, झोपता?" मी म्हटलं.

"तिचं काम ती करून राहिली. मी कायले जागू?" आणि त्या खरंच झोपल्या. भर दुपारी, त्या गदारोळात.

बाराचा आकडा आला. नामदेव म्हणाला, "बोलली." एकचा आला. "बोलली." दोनचा आकडा नामदेवने लिहिला आणि पेन तसंच धरून ठाकूर साहेबांकडे पाहिलं. एका तासात पाणी पुरुषभर चढलं होतं. ठाकूर साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. वायरलेसवरून खालच्या वस्त्यांना हुकूम गेला, निघा. आम्ही व्हरांड्यातून पाहत होतो. दूरवर बैलगाड्या, डोक्यावर ट्रंका घेतलेली माणसं, शेळ्या, शाळेच्या टेकडीकडे जाणारी लांब ओळ. तीनचा आकडा आला तेव्हा अर्धी ओळ टेकडीवर होती. चारचा आला तेव्हा वस्तीची पहिली घरं पाण्यात होती आणि घरांत कुणी नव्हतं. एकही माणूस गेला नाही. एक म्हातारी कोंबड्यांसाठी परत फिरली होती, तिलाही पोरांनी कोंबड्यांसकट उचलून आणलं.

मॅडम जाग्या झाल्या तेव्हा पाचचा आकडा यायचा होता. सगळे रिसीव्हरभोवती उभे. आकडा उमटला, पाणी थांबलं होतं. नामदेवने तो लिहिला, मग उठून तो मॅडमसमोर येऊन उभा राहिला. "मॅडम," तो म्हणाला, "ही नसती तं मी आज खालीच असतो."

मॅडमनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं. "बस न गा. सहाचा कोण लिहील?" आणि तोंड धुवायच्या निमित्ताने त्या मागच्या अंगणात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

दसऱ्यानंतर डबा उतरवला. सेल मोजले तर जवळपास नव्यासारखे. नामदेवने ते मागून घेतले, आपल्या टॉर्चमध्ये घातले आणि दिवाळी उलटून गेल्यावरही वापरले. विभागप्रमुखांनी कॉलेजच्या सभेत जाहीर केलं, की नागपुरात चिप निघू शकते हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत मोठ्याने.

त्यानंतर वर्षभराने उत्तरेकडच्या त्या कारखान्यातून त्यांना बोलावणं आलं. कमी विजेच्या चिपांचा वेगळा विभाग काढत होते, आणि तो उभा करायला, तिथल्या इंजिनिअरांना शिकवायला प्रभा धोटे हव्या होत्या. बोलावणं केलं होतं ते त्याच प्रमुखांनी. फोनवर ते मॅडमना म्हणाले, आमच्या तक्त्यात आता सत्तर अंशांचेही आकडे असतात.

त्यांना पोचवायला आम्ही सगळे नागपूर स्टेशनावर गेलो. त्यांचे यजमान धोटे साहेब सामान रवाना करून नंतर महिन्याभरात जाणार होते. सोबत सासूबाई होत्या, ज्या विदर्भाबाहेर कधी गेल्या नव्हत्या आणि ज्यांनी खिडकीची जागा आधीच पटकावली होती. ठाकूर साहेब हार घेऊन आले. नामदेव खाप्याहून पहिल्या बसने आला होता. रेखा मानकर आता आमच्याकडे शिकवू लागली होती. ती आपला सगळा वर्ग घेऊन आली. मुलांनी डबा गाठून आत-बाहेर गर्दी केली. हमाल ओरडत होते.

शिट्टी झाली. मॅडम दारात उभ्या राहिल्या. गाडी हलली आणि तेवढ्यात वर्गातला एक मुलगा गाडीबरोबर चालत चालत ओरडला, "मॅडम, एकच शंका! फाटक उघडताना सगळे भाग एकदम जागे झाले, तर ती एकदम ओढ सेलाला झेपेल?"

मॅडमचा चेहरा उजळला. त्या दांडीला धरून इतक्या बाहेर झुकल्या की सासूबाई आतून किंचाळल्या. "नाही झेपणार!" मॅडम ओरडल्या. "म्हणून एकदम जागवायचं नाही! आधी जो —"

पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. त्या बोलतच होत्या. एका हाताने हवेत काहीतरी काढून दाखवत होत्या, एक, मग दुसरं, मग तिसरं, आणि गळ्यातला हार वाऱ्याने तोंडावर येत होता तो बाजूला सारत होत्या. वळणावर डबा दिसेनासा झाला तेव्हाही तो हात चालूच होता.

"आधी कोण?" त्या मुलाने रेखाला विचारलं.

"आधी जो सगळ्यांत लहान तो," रेखा म्हणाली.

"नाही मॅडम, आधी जो आकडा वाचतो तो," दुसरी एक मुलगी म्हणाली, आणि त्या रिकाम्या फलाटावर, हमालांच्या वाटेत उभं राहून, सगळा वर्ग भांडायला लागला.